कोशिका-चक्र नियंत्रक आणि चयापचय

सजीवाच्या शरीरातील कोशिका (पेशी) वाढते, आपल्या आनुवंशिक द्रव्याची प्रतिकृती तयार करते आणि शेवटी विभागून तिच्या दोन कोशिका होतात. ठराविक क्रमाने चालणाऱ्या या घटनामालिकेस कोशिका-चक्र म्हणतात. हे चक्र केव्हा सुरू व्हावे, कोठे थांबावे व केव्हा पुढे सरकावे, हे ठरविणाऱ्या प्रथिनांना कोशिका-चक्र नियंत्रक असे नाव आहे. अन्नघटकांपासून ऊर्जा मिळविणे व त्यांपासून शरीरद्रव्ये बनविणे या सर्व रासायनिक घडामोडींना मिळून चयापचय ही संज्ञा वापरतात (⟶ चयापचय). पूर्वी या दोन गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे होत असे. चयापचय हा कोशिकेचा नित्याचा व्यवहार आणि विभाजन हा नैमित्तिक, अशी समजूत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या संशोधनाने ती मागे पडली. चक्राचे नियंत्रक चयापचयातील एंझाइमांवर (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांवर) प्रत्यक्ष परिणाम करतात आणि ज्या कोशिका क्वचितच विभागतात त्यांच्यातही ते हे काम करीत राहतात, असे आता दिसून आले आहे.

हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर (जि. रायगड) या तालुक्यांचे उदाहरण घेतले, तर भाताच्या लोंबीत दाणा भरणे, ठाकर व कातकरी वाड्यांतील बालकांची खुंटलेली वाढ, गर्भवतीचा पांडुरोग (रक्तक्षय), प्रौढांमधील मधुमेह आणि तंबाखूमुळे होणारा मुखाचा कर्करोग या वरवर असंबद्ध दिसणाऱ्या गोष्टींत हाच संबंध कमीअधिक प्रमाणात आढळतो. म्हणून पुढील विवेचनात शक्य तेथे याच टापूतील उदाहरणे घेतली आहेत.

चक्र व त्याचे नियंत्रक : अल्मा हॉवर्ड व स्टीव्हन पेल्क यांनी १९५३ मध्ये बाकल्याच्या मुळांच्या टोकांवर प्रयोग करून असे दाखविले की, आनुवंशिक द्रव्याचे (डीएनएचे) संश्लेषण चक्राच्या एका विशिष्ट कालखंडातच होते. त्यावरून चक्राच्या चार अवस्था मानण्यात आल्या. विभाजनानंतरची पहिली मध्यंतर अवस्था (जी-१), डीएनए संश्लेषणाची अवस्था (एस), दुसरी मध्यंतर अवस्था (जी-२) आणि प्रत्यक्ष विभाजनाची अवस्था (एम) अशा त्या होत. संवर्धनात वाढविलेल्या मानवी कोशिकांत हे सर्व चक्र सुमारे २४ तासांत पूर्ण होते. त्यांपैकी प्रत्यक्ष विभाजनास सुमारे एक तासच लागतो. शरीरातील बहुसंख्य कोशिका मात्र चक्राबाहेर पडून विश्रांत अवस्थेत असतात.

चक्र पुढे ढकलणाऱ्या प्रथिनांचे दोन घटक असतात. एक सायक्लीन व दुसरा सायक्लीनावलंबी कायनेज (संक्षेपाने सीडीके). कायनेज हे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट गट जोडणारे एंझाइम असून ते एकटे निष्क्रिय असते. सायक्लीन त्याला येऊन मिळाले म्हणजेच ते कार्यक्षम होते. सायक्लिनांचे प्रमाण चक्राबरोबर वाढते व घटते, त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले. उलट पी-१६, पी-२१ व पी-२७ ही प्रथिने कायनेजांना रोखून धरतात. रेटिनोब्लास्टोमा हे प्रथिन ई२एफ या प्रथिनास बांधून ठेवते. डी-सायक्लीन व सीडीके-४ किंवा सीडीके-६ यांनी त्यास फॉस्फेट गट जोडले म्हणजे ते ढिले पडते आणि ई२एफ मोकळे होऊन डीएनए संश्लेषणास लागणारी जीने (आनुवंशिक लक्षणांची एकके) कार्यान्वित करते. काम संपलेल्या नियंत्रकांना नष्ट करणारी यंत्रणाही तितकीच महत्त्वाची आहे. हे सर्व उलगडण्याचे श्रेय मुख्यतः लेलंड हार्टवेल, पॉल नर्स व टिमथी हंट यांना असून त्यांना २००१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्यांचे प्रयोग यीस्ट व समुद्री अर्चिनाची अंडी यांवरचे होते. तरीही तेच नियंत्रक थोड्याफार फरकाने भातापासून माणसापर्यंत सर्वत्र आढळतात.

अन्नाचा चक्रावर परिणाम : कोशिका विभागायची म्हणजे तिच्यातील प्रथिने, वसा (स्निग्ध पदार्थ), डीएनए ही सर्व सामग्री दुप्पट व्हावी लागते. त्यासाठी पुरेसे अन्न आहे की नाही, याची चाचपणी कोशिका जी-१ अवस्थेतच करते. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये या अवस्थेच्या उत्तरार्धातील एक मर्यादाबिंदू दाखवून दिला. त्यापूर्वी पोषण तुटले, तर कोशिका विश्रांत अवस्थेत जाते. तो ओलांडल्यावर मात्र चक्र सहसा पूर्ण होते. ॲमिनो अम्ले व इन्शुलीन भरपूर असताना एम-टॉर नावाचे कायनेज प्रथिननिर्मितीस चालना देते. डी-सायक्लीन हे अल्पायुषी प्रथिन आहे. त्याचा अर्धा साठा सुमारे अर्ध्या तासात नाहीसा होतो. त्यामुळे ॲमिनो अम्लांचा पुरवठा आटला की त्याची पातळी चटकन खाली येते व चक्र थांबते. कोशिकेतील ऊर्जा (एटीपी) कमी पडल्यास एएमपीके हे दुसरे कायनेज जागे होऊन पी-५३ या नियंत्रकाच्या साहाय्याने चक्र रोखते. अन्न नसताना विभाजन न करणे ही कोशिकेची सुरक्षिततेची व्यवस्था आहे. तिची किंमत मात्र वाढत्या वयाच्या शरीराला द्यावी लागते.

चक्राचा चयापचयावर परिणाम : उलट दिशेचा परिणाम अधिक उशिरा लक्षात आला. ग्लुकोजच्या विघटनातील एक कळीचे एंझाइम (पीएफकेएफबी-३) जी-१ अवस्थेच्या प्रारंभी सतत नष्ट केले जाते. ते नष्ट करणारी यंत्रणा म्हणजे विभाजनाच्या शेवटी सायक्लीन नष्ट करणारीच यंत्रणा होय. अवस्थेच्या अखेरीस ती थांबते, एंझाइम साठते आणि ग्लुकोजचे विघटन वेगाने होऊ लागते. मेंदूतील तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) विभागत नाहीत. त्यांच्यात ही यंत्रणा कायम कार्यक्षम असते. त्यामुळे त्या ग्लुकोजचा एक भाग ऊर्जेऐवजी ऑक्सिडीकारक द्रव्यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी वापरू शकतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या कोशिकांत सदर एंझाइम कृत्रिम रीत्या वाढविले, तेव्हा त्या मरू लागल्या.

विभाजनापूर्वी ऊर्जेची गरज वाढते, तेव्हा सायक्लीन-बी व सीडीके-१ यांचा काही अंश कलकणूंत (कोशिकेतील ऊर्जानिर्मितीच्या सूक्ष्म अंगकांत) शिरतो व तेथील श्वसनशृंखलेच्या पहिल्या घटकास फॉस्फेट गट जोडून एटीपीचे उत्पादन वाढवितो, असे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. यीस्टमध्ये तर हेच कायनेज साठविलेल्या वसेचे व ट्रेहॅलोज या शर्करेचे विघटन करणाऱ्या एंझाइमांना चालना देते. म्हणजे कोठाराची किल्ली आणि कामाची सूचना एकाच्याच हाती असते.

यकृत व वसा ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) यांतील निष्कर्ष याहून लक्षणीय आहेत. प्रौढाच्या यकृतातील कोशिका क्वचितच विभागतात. तरीही जेवणानंतर इन्शुलीन व ॲमिनो अम्ले यांमुळे त्यांच्यात सायक्लीन-डी१ व सीडीके-४ यांची क्रियाशीलता वाढते आणि ही जोडी जीसीएन-५ या एंझाइमाच्या द्वारे नवीन ग्लुकोज तयार करणारी जीने दाबून टाकते. येथे विभाजनाचा काहीही संबंध नसतो. वसा कोशिकांत सीडीके-४ इन्शुलिनाचा संदेश पुढे नेणाऱ्या एका प्रथिनास फॉस्फेट गट जोडून तो संदेश टिकवून धरते (२०१६). यांपैकी बरेचसे ज्ञान उंदरांवरील प्रयोगांतून मिळालेले आहे, हे ध्यानात ठेवूनच ते माणसाला लावले पाहिजे.

भाताचा दाणा : कर्जत येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र असून कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ इ. भाताच्या जाती तेथून प्रसृत झाल्या आहेत. दाण्याचा आकार, वजन व तो पूर्ण भरण्याचे प्रमाण ही नव्या जातीची पारख करण्याची प्रमुख गमके होत. या तिन्हींचा उगम कोशिका-चक्रात आहे.

भाताच्या दाण्यात आपण जो भाग खातो तो पुष्क (गर्भाच्या पोषणासाठी साठविलेला अन्नांश) होय. फलनानंतर पुष्काच्या आद्य कोशिकेतील केंद्रक (कोशिकेच्या कार्यावर नियंत्रण ठेवणारा गोलसर पुंज) भराभर विभागते. पण कोशिकांमध्ये भित्ती तयार होत नाहीत. तीन-चार दिवसांनी भित्ती बनू लागतात व पुढे सुमारे नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत कोशिकांची संख्या वाढत जाते. त्यानंतर विभाजन थांबते. मात्र अनेक कोशिकांत डीएनएची दुप्पट विभाजनाशिवाय चालूच राहते. मक्यात हा प्रकार फार ठळक असून भातात त्या मानाने बेताचा असतो. विभाजन थांबल्यावर स्टार्च साठविण्याच्या कामास जोर येतो. थोडक्यात, पहिल्या दहा दिवसांत पोत्यांची संख्या ठरते व पुढील पंधरा-वीस दिवसांत ती भरली जातात. पहिल्या टप्प्यात पोती कमी पडली, तर पुढे पानांनी कितीही शर्करा पुरविली तरी ती साठवायला जागा राहत नाही.

या बदलाची कळ शर्करेच्याच हाती असल्याचे दिसते. पानातून येणाऱ्या सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होत असते तोवर विभाजनास अनुकूल स्थिती राहते. सुक्रोजचे प्रमाण वाढले म्हणजे साठवणीस प्रारंभ होतो. वनस्पतींतील डी-सायक्लिनांवर शर्करेचा प्रत्यक्ष परिणाम होतो, हे अन्य वनस्पतींवरील प्रयोगांत आढळले आहे. भातात सीडीकेला रोखणारे केआरपी-१ हे प्रथिन कृत्रिम रीत्या वाढविले असता पुष्कातील कोशिका कमी झाल्या व दाणे नीट भरले नाहीत (२००६). याउलट जीडब्ल्यू-२ या जिनाचे कार्य बंद पडलेल्या भातात तुसातील कोशिकांची संख्या वाढून दाणा रुंद व वजनदार होतो (२००७). हे जीन प्रथिनांना नष्ट होण्यासाठी खूण करणारे एंझाइम बनविते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टपोरा किंवा बारीक दाणा म्हणून जी निवड केली, तीत नकळत अशाच जिनांची निवड झाली आहे.

कर्जत तालुक्यात भात दोन हंगामांत घेतला जातो. पावसाळी भात राब भाजून तयार केलेल्या रोपवाटिकेत जूनमध्ये पेरतात, जुलैमध्ये त्याची लावणी होते आणि बहुतेक जाती सप्टेंबरच्या आसपास निसवतात. याच सुमारास आभाळ भरून राहिले, तर पानांत शर्करा कमी बनते व दाणे पोचट (पळींज) राहण्याचे प्रमाण वाढते. उन्हाळी भात भिवपुरी येथील टाटा जलविद्युत् केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, राजनाल्याच्या कालव्याखाली होतो. त्यास सूर्यप्रकाश मुबलक मिळतो. परंतु फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५° से.च्या वर गेल्यास परागकण वांझ होतात आणि उष्णतेने दाणा भरण्याचा काळही आखडतो. घाईने भरलेल्या दाण्यात स्टार्चाचे कण विरळ बसतात व तो खडूसारखा पांढुरका दिसतो. असा तांदूळ भरडताना अधिक फुटतो, त्यामुळे त्याला भाव कमी मिळतो.

बालकांचे कुपोषण : कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांत ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक होय. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर कामास जातात आणि पुढील पावसाच्या तोंडावर परततात. या काळात बालकाच्या वजनाची अंगणवाडीतील नोंद खंडित होते. परतल्यानंतरच्या महिन्यांत घरात धान्य कमी व पाण्यामुळे होणारे अतिसार अधिक, अशी स्थिती असते. येथील कुपोषणाचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत असला, तरी त्याची चर्चा बहुधा वजनाच्या आकड्यांपुरतीच राहते. वजन घटण्यापूर्वी शरीरात काय घडते, हे समजून घेणे म्हणून आवश्यक आहे.

अन्न अपुरे पडले म्हणजे रक्तातील इन्शुलीन व वाढीस चालना देणारे आयजीएफ-१ हे हॉर्मोन (ग्रंथीतून रक्तात मिसळणारा उत्तेजक स्राव) कमी होते, ॲमिनो अम्लांची पातळी उतरते आणि एम-टॉर शिथिल होते. परिणामी डी-सायक्लीन घटून कोशिका जी-१ अवस्थेत अडकतात. ज्या ऊतकांत विभाजन सर्वांत वेगाने होत असते, त्यांनाच याची झळ प्रथम लागते. लहान आतड्याचे अस्तर निरोगी शरीरात तीन ते पाच दिवसांत नवे होते. ते होईनासे झाले की, आतड्यातील रसांकुर (अन्न शोषून घेणारी सूक्ष्म बोटासारखी उंचवटे) आखूड होतात. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही व जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. यौवनलोपी ग्रंथी (थायमस) आक्रसते, त्यामुळे रोगप्रतिकार करणाऱ्या टी-कोशिकांचा पुरवठा घटतो. अस्थिमज्जेत रक्तकोशिका कमी बनतात. लांब हाडांच्या टोकांशी असणाऱ्या वाढपट्टीतील कूर्चा कोशिका विभागेनाशा होतात व उंची खुंटते. अतिसाराने अन्न कमी, त्याने विभाजन कमी, त्याने आतडे दुबळे आणि पुन्हा अतिसार, असे हे दुष्टचक्र असते. जस्ताच्या उणिवेने ते अधिक घट्ट होते, कारण डीएनए संश्लेषणातील अनेक प्रथिनांना जस्त लागते. अतिसारात क्षार-साखर-पाण्याबरोबर चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

अशा बालकाचा चयापचय काटकसरीवर बेतलेला असतो. यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा संपलेला असल्याने रक्तातील ग्लुकोज एकाएकी उतरू शकतो. शरीराचे तापमानही घटते. म्हणून तीव्र कुपोषित बालकाला (दंडाचा घेर ११·५ सेंमी.पेक्षा कमी किंवा उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी) आणल्याबरोबर भरपूर खाऊ घालणे धोक्याचे ठरते. अनेकदा घरचे लोक मायेपोटी नेमके तेच करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार प्रथम दर १०० मिलि.मध्ये ७५ कॅलरी व एक ग्रॅमपेक्षाही कमी प्रथिन असलेले दूध थोडेथोडे, रात्रीसुद्धा देतात. जंतुसंसर्गावर उपचार करतात आणि या टप्प्यात लोह देण्याचे टाळतात. भूक परत आल्यावर १०० कॅलरी व सुमारे तीन ग्रॅम प्रथिन असलेले दूध देण्यास प्रारंभ करतात. पहिल्या टप्प्यात कोशिकांच्या पटलांवरील क्षारांचा तोल व यकृताचे कार्य सावरते; विभाजन खऱ्या अर्थाने दुसऱ्या टप्प्यात सुरू होते. भूक परतणे ही त्याची बाहेरून दिसणारी खूण होय.

गेलेली वाढ किती भरून येते, हे कुपोषण कोणत्या वयात झाले यावर अवलंबून असते. मायरन विनिक व ॲडेल नोबल यांनी १९६६ मध्ये उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग केले. ज्या वयात अवयवातील कोशिकांची संख्या वाढत असते, त्या वयात उपासमार झाल्यास नंतर पोटभर अन्न देऊनही ती संख्या पूर्ववत होत नाही. उलट कोशिका केवळ आकाराने वाढत असताना झालेली हानी भरून येते, असे त्यांना आढळले. मानवी मेंदू, वृक्क (मूत्रपिंड) व अग्निपिंड (स्वादुपिंड) यांतील कोशिकांच्या संख्येचा मोठा भाग गर्भावस्थेत व पहिल्या दोन वर्षांत ठरतो. गर्भवतीच्या व स्तनदा मातेच्या आहारावर खर्च केलेला पैसा पुढील उपचारांहून अधिक फलदायी ठरतो, याचे शरीरक्रियात्मक कारण हे आहे.

फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व : अन्नातील सूक्ष्म घटकाच्या अभावाने चक्र एस अवस्थेतच अडते, याचे पहिले ठळक उदाहरण मुंबईत मिळाले. ल्यूसी विल्स या ब्रिटिश वैद्य महिला १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांना गर्भारपणी होणाऱ्या पांडुरोगाचा अभ्यास केला. या रोगात रक्तातील तांबड्या कोशिका संख्येने कमी पण आकाराने मोठ्या असतात. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्यास काही काळ विल्स घटक असेच म्हणत. पुढे तेच फॉलिक अम्ल ठरले. डीएनएचे घटक बनविण्यास फॉलिक अम्ल लागते आणि त्याचा पुनर्वापर होण्यास ब१२. यांपैकी एक जरी कमी पडले, तरी कोशिका वाढत राहते पण डीएनएची दुप्पट पूर्ण करू शकत नाही. आकाराने मोठ्या आणि अपक्व तांबड्या कोशिका या अडलेल्या चक्राच्याच निदर्शक होत.

या ज्ञानाचा उपयोग उलट बाजूनेही झाला. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक अम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार करण्यात आली व सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये त्यांचा रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांवर उपयोग केला. त्या वर्गातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या मातृपोषणाच्या अभ्यासाने या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २·७ किग्रॅ. म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी असले, तरी त्यांच्या शरीरातील वसा त्या मानाने कमी झालेली नसते. स्नायू व अवयव मात्र लहान असतात. मातांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींत ब१२ अपुरे होते. ब१२ कमी व फॉलिक अम्लाचे प्रमाण जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनाला शरीराचा प्रतिसाद सर्वांत कमी दिसला (२००८). केवळ लोह व फॉलिक अम्लाच्या गोळ्या वाटून गर्भवतीच्या पोषणाचा प्रश्न सुटत नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

मधुमेह : इन्शुलीन तयार करणाऱ्या अग्निपिंडातील बीटा कोशिकांची संख्या मुख्यत्वे बालपणी वाढते, पुढे त्यांचे विभाजन फार मंदावते. सीडीके-४ नसलेले उंदीर खुजे राहतात व त्यांना इन्शुलिनाच्या अभावाने मधुमेह होतो, असे १९९९ मध्ये दिसून आले. वयाबरोबर या कोशिकांत पी-१६ वाढत जाते व त्यांची नवनिर्मितीची क्षमता घटते. २००७ साली अनेक देशांतील हजारो लोकांच्या जिनांची पाहणी झाली, तेव्हा पी-१६ चे जीन ज्या गुणसूत्रखंडावर आहे त्याच्या शेजारील फेरफारांचा प्रौढवयीन मधुमेहाशी संबंध आढळला. बीटा कोशिकांत ई२एफ-१ हे इन्शुलीन स्रवण्यास आवश्यक अशा एका पटलप्रथिनाचे नियंत्रण करते. हेच ई२एफ-१ स्नायूंत व तपकिरी वसेत ऑक्सिडीकरणाची जीने दाबून ठेवते. एकाच नियंत्रकाने एका ऊतकात हितकर व दुसऱ्यात अहितकर वाटावे असे काम करावे, हे या विषयात वारंवार आढळते. बालपणी कोशिकांची संख्या कमी राहिलेली व्यक्ती पुढे शहराजवळच्या बैठ्या कामात, भात व साखरेच्या आहारावर वाढली, तर थोड्या वजनवाढीनेही तिच्या इन्शुलिनाची शिल्लक संपते. मुंबई-पुणे मार्गावर असलेल्या व झपाट्याने औद्योगिकीकरण झालेल्या खालापूर, खोपोली भागात कुपोषण व मधुमेह हे दोन रोग एकाच कुटुंबात दिसले, तर ते परस्परविरोधी समजू नयेत.

कर्करोग : ऑटो व्हारबुर्ख यांना १९२०–३० या दशकात असे आढळले की, अर्बुदाच्या (गाठीच्या) कोशिका ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात. कलकणूंतील बिघाड हे त्याचे कारण असावे, असे त्यांचे मत होते. ते सर्वसाधारणपणे टिकले नाही. चक्राचे नियंत्रण सुटले की, ग्लुकोज ऊर्जेसाठी पूर्ण जाळण्याऐवजी त्यातून डीएनए, वसा व ॲमिनो अम्ले यांचा कच्चा माल काढून घेतला जातो, असे आज मानतात. निरोगी कोशिकेत पी-५३ हे ग्लुकोजचे विघटन आवरते व कलकणूंतील श्वसनास मदत करते. ते बिघडले की दोन्ही बंधने एकदम सुटतात. अर्बुदे जास्त ग्लुकोज शोषतात, याच गुणधर्मावर किरणोत्सर्गी ग्लुकोजसदृश द्रव्य देऊन करावयाची पेट-चित्रण तपासणी आधारलेली आहे.

रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यातील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था (ॲक्ट्रेक) आहे. हिरड्या व गालांची आतील बाजू यांच्या कर्करोगाच्या जिनांची पाहणी करणाऱ्या भारतीय गटात ती सहभागी होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पी-५३ च्या जिनातील बिघाड प्रामुख्याने आढळला. तंबाखू, मिसरी व गुटखा यांमुळे होणाऱ्या या कर्करोगात पी-१६ नाहीसे होणे व सायक्लीन-डी१ वाढणे हेही नेहमी दिसते. म्हणजे चक्राचा अडसर निघतो आणि वेगही वाढतो.

सीडीके-४ व ६ यांना रोखणारे पॅल्बोसायक्लीब हे पहिले औषध २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनांच्या कर्करोगावर मान्य झाले. रायबोसायक्लीब व ॲबेमासायक्लीब ही त्यानंतरची होत. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात सायक्लीन-डी३ व सीडीके-६ ग्लुकोज-विघटनातील दोन एंझाइमे दाबून ग्लुकोज संरक्षक द्रव्यांच्या निर्मितीकडे वळवितात. तेथे सीडीके-६ रोखले असता हे संरक्षण नाहीसे होऊन कर्करोगाच्या कोशिका मरतात, असे २०१७ मध्ये दाखविले गेले. औषध विभाजन थांबवून नव्हे, तर चयापचय बिघडवून कोशिका मारू शकते, हे त्यावरून कळले. पॅल्बोसायक्लीबच्या एकस्वाची (पेटंटची) मुदत भारतात २०२३ मध्ये संपल्यावर येथील कंपन्यांनी ते बरेच स्वस्त दरात उपलब्ध केले. त्याने अस्थिमज्जेतील विभाजनही मंदावते व रक्तातील श्वेत कोशिका घटतात. म्हणून ते तीन आठवडे देऊन एक आठवडा थांबवितात आणि प्रत्येक नवा क्रम सुरू करण्यापूर्वी रक्तकोशिकांची मोजणी करून घेतात.